उपाशी वाळू

"आता शेळी काय वाऱ्यानं उडून गेली?" रखमामावशीने विचारलं आणि दाव्याचं टोक केतकीच्या हातात दिलं. दुसरं टोक सीना नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत सरळ खाली गेलेलं होतं.

केतकीने दावं ओढून पाहिलं. तसूभरही हललं नाही. "मावशी, हे शक्यच नाही," ती म्हणाली. शास्त्रज्ञ मंडळी हे वाक्य नेहमीच जरा लवकर बोलून टाकतात.

पात्राच्या वाळूखाली केतकीनेच घडवलेली यंत्रं होती. नारळाएवढी आणि शेकड्यांनी. लहानपणी मावशीकडे सुट्टीला आली की देवळाच्या वळचणीला ती मुंगीसिंह बघत बसायची. ही अळी मऊ धुळीत नरसाळ्यासारखा खड्डा करते आणि तळाशी जबडा उघडून बसते. मुंगी काठावर आली की धूळ घसरते, आणि मुंगी वर चढू लागली की अळी खालून धुळीचा मारा करते. केतकीच्या 'वाळूसिंहां'नी वाळूचोरांच्या ट्रॅक्टरांचं हेच केलं. चाक आलं की खालची वाळू उपसायची आणि ट्रॅक्टर रुतवायचा. माणसाच्या वजनाला ते हलतसुद्धा नसत. चोरी थांबली, वाळू टिकली आणि तिच्या पोटातलं पाणी परत आलं. बाया पुन्हा पात्रात झिरे खणून वाटीने हंडे भरू लागल्या. गावाने केतकीचा सत्कार केला, तिने भाषणही ठोकलं.

तिने मोबाईलवर यंत्रांचा नकाशा उघडला. ट्रॅक्टर यायचे त्या वरच्या वळणावर एकही वाळूसिंह उरला नव्हता. सगळे इथे, पाणवठ्यापाशी गोळा झाले होते.

"मावशी, तुम्ही इथे काही टाकता का?"

"निवद," मावशी सहज म्हणाली. "तूच भाषणात बोललीस ना, ट्रॅक्टर आला न्हाई तर बिचारे उपाशी ऱ्हातात म्हणून? गावाचं पाणी राखतात, त्यास्नी उपाशी ठेवायचं व्हय? गडीमाणसं होती तवर दगडांनी भरलेलं पिंप ढकलायचो. ती गेली ऊसतोडीला. मग पोती टाकली. आता आमच्यानं पोतंबी उचलत न्हाई, म्हणून भरला हंडा ठिवतो. घेतात की! गपकन घेतात."

भाषणात केतकीने तो विनोद केला होता, लोक हसलेही होते.

पण तो निव्वळ विनोद नव्हता. मुंगीसिंह उपाशी राहिला की खड्डा मोठा करतो, मिळेल त्यावर भागवतो. हा गुण तिने मोठ्या कौतुकाने यंत्रात उतरवला होता. चोर उद्या हलक्या गाड्या आणतील, तेव्हा शिकार मिळेनाशी झाली की वजनाची अट आपोआप सैल व्हावी, आणि शिकार मिळते तिकडे यंत्रांनी सरकावं. गावाने मायेने त्यांना इकडे बोलावलं होतं आणि हंड्याएवढ्या घासाची सवय लावली होती.

"कुसुमवहिनी कुठे आहे?"

"कुठं म्हंजी? ती काय, झिऱ्यात."

मावशीची सून चार हातांच्या अंतरावर, कमरेइतक्या खोल झिऱ्यात वाकून पाणी भरत होती. काठाची वाळू तिच्या पाठीमागे हळूहळू सरकत होती. मग हंडा कलंडला आणि वाळूत गेला. कुसुमने किंचाळून पाय उचलायला पाहिलं, तर खालून वाळूचा फवारा तिच्या तोंडावर आला.

"वहिनी, हलू नकोस! धडपडलीस की ते जास्त ओढतील!"

"अगं, बंद कर की ते!" मावशी ओरडली.

"बंद होत नाहीत गं! बंद करायची सोय ठेवली असती तर चोरांनीच वापरली असती!"

वाळू कुसुमच्या छातीपर्यंत आली होती. तिचे डोळे केतकीवर खिळले होते, पण ती हलत नव्हती. केतकी धावत काठावरच्या आपल्या जीपकडे गेली. झिऱ्यापासून दूर, पात्राच्या मध्यावर तिने जीप घातली आणि इंजिन चालू ठेवूनच उडी मारली.

वाळूखालून काहीतरी खसखसत तिकडे धावलं. जीपची पुढची चाकं बुडाली, मग दारं, मग टप. आत कुठेतरी हॉर्न दाबला गेला असावा. तो वाळूखालून बराच वेळ वाजत राहिला.

झिऱ्यातली वाळू थांबली. मावशीने शेळीचं दावं कापून कुसुमकडे फेकलं, दोघींनी मिळून तिला ओढून काढलं आणि तिघी धापा टाकत काठावर येऊन पडल्या. मावशी सुनेला पोटाशी धरून रडत होती.

हॉर्न बंद झाला. कुसुमने तोंडातली वाळू थुंकली. पाण्याची वाटी अजून तिच्या मुठीतच होती.

"ताई," तिने विचारलं, "उद्या काय घालायचं त्यास्नी?"