अकरा कॅसेटी आणि एक वायर

"ही वायर बसत नाही," ती म्हणाली.

"उलटी करून बघा."

"उलटी करून झाली, सुलटी करून झाली. कॅमेऱ्याचं भोक चौकोनी आहे आणि हिचं तोंड लांबट... आता मी काय दातांनी कुरतडू?"

दुकानदार काउंटरखाली वाकून खोक्यात शोधू लागला. हे पाचवं दुकान. ती भूलतज्ज्ञ होती. भल्याभल्यांना दोन मिनिटांत झोपवायची. पण गेले दोन आठवडे बाबांच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याने तिचीच झोप उडवली होती. कॅमेरा चालू होत होता, कॅसेट फिरत होती, छोट्या पडद्यावर चित्रही दिसत होतं. पण त्याचा स्पीकर बंद पडलेला, आणि तिच्या नव्या लॅपटॉपला कॅमेऱ्याची वायर लागेल असं भोकच नव्हतं. एका वायरीतून नुसते फोटो आले. दुसरीला जोड लागला, त्या जोडाला आणखी एक जोड लागला, आणि एवढी वरात जोडल्यावर लॅपटॉप थंडपणे म्हणाला, 'उपकरण सापडले नाही.'

"मिळाली बघा डॉक्टर, तुमची वायर!" दुकानदार वर येत म्हणाला.

दोन हात पुढे आले. एक तिचा. दुसरा मागे उभ्या असलेल्या उंच माणसाचा, ज्याच्या शर्टाला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या.

"मी सांगून ठेवली होती," तो ओशाळून म्हणाला. "मीही डॉक्टर आहे. म्हणजे... जनावरांचा."

"आणि जनावरांना ही कशाला लागते?"

"गायीचं बाळंतपण आहे."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो घाईघाईने बोलू लागला. "टेपवर आहे हो! आमच्या सरांनी अडलेलं वासरू कसं सोडवलं, ते. सर आता नाहीत. माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवायचंय. फक्त माझा कॅमेरा बिघडलाय."

"म्हणजे तुम्ही वायर घेऊन नुसती बघत बसणार?"

"तुम्ही तरी ती कुठे लावणार? भोक आहे का?" तो हसला. "माझ्या कॉम्प्युटरला आहे. चौदा वर्षांचा आहे, दमेकऱ्यासारखा धापा टाकतो... पण भोक आहे."

शनिवारी दुपारी ती कॅमेरा आणि कॅसेटींची पिशवी घेऊन त्याच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत हजर झाली. एक तासाच्या कॅसेटला बरोबर एक तास लागतो, हे तिला तिथे कळलं. शिवाय मध्ये कॉम्प्युटरला बोट जरी लावलं, तरी तो रुसून बंद पडायचा.

"मग तासभर करायचं काय?"

"बसायचं," तो म्हणाला. "माझ्याशी बोलायचं. नाहीतर ते मांजर आहे."

मांजराच्या गळ्यात औषध चाटू नये म्हणून प्लास्टिकची गळपट्टी होती. चाळिसाव्या मिनिटाला तीच गळपट्टी वायरीत अडकली, वायर निसटली आणि सगळं मुसळ केरात! ती इतकी चिडली, की मांजर कपाटावर जाऊन बसलं. तो मात्र शांतपणे कॅसेट मागे फिरवत राहिला.

"एवढी घाई कसली आहे?" त्याने हळूच विचारलं.

तिने हातातली कॅसेटची डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. आता वहीत लिहून बोलतात. मला त्यांचा आवाज आठवावा लागतो, आणि परवा... परवा तो आठवलाच नाही."

त्याने वायर घट्ट बसवली आणि तासभर ती हातात धरून बसून राहिला.

चित्र आलं. आवाज नाही! "मी आता हा कॉम्प्युटर खिडकीतून फेकणार," ती म्हणाली. "थांब, थांब," म्हणत त्याने कुठलंसं बटण दाबलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आणि खोलीभर खणखणीत आवाज घुमला, "अगं, इकडे बघ! मान वर! हस की जरा!"

कॅमेरा बाबांच्याच हातात असायचा. त्यामुळे ते कुठेच दिसत नव्हते, आणि सगळीकडे ऐकू येत होते. पडद्यावरची सात वर्षांची मुलगी पाय आपटत ओरडली, "बाबा, तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका ना!"

तिने तोंडावर हात धरला. त्याने मांजराला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. त्याला दुसरं काही सुचलं नसावं... पण तेच बरोबर होतं.

"ह्या कॉम्प्युटरला दिवसाला एकच कॅसेट झेपते हं," जाताना तो म्हणाला. "फार तापतो."

मग शनिवारमागून शनिवार गेले. गायीचंही बाळंतपण झालं. ती सबंध तास डोळे मिटून होती आणि तो तिला मुद्दाम सगळं वर्णन करून सांगत होता.

शेवटची कॅसेट झाल्यावर तो सगळं घेऊन तिच्या घरी आला. बाबा ऐकत राहिले. आपलाच आवाज, आपलेच हुकूम. 'बोलू नका ना' आलं तेव्हा तिने मान खाली घातली, तर बाबांचे खांदे हसून गदगदत होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि वही ओढली. ते गणिताचे मास्तर होते.

"अकरा कॅसेटी, अकरा तास," त्यांनी लिहिलं. "दोन दिवसांचं काम. तीन महिने कसे लागले?" वही त्यांनी जनावरांच्या डॉक्टरापुढे सरकवली आणि स्वतः चहा टाकायला उठून गेले.

त्याचे कान लाल झाले. "तो कॉम्प्युटर... तापत नाही."

"ठाऊक आहे. चौथ्या शनिवारी मी हात लावून बघितला. गार होता."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर मला जराही सोडत नाहीस!"

"बोलले असते, तर उरलेल्या कॅसेटी त्याच दिवशी संपल्या असत्या," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आणि मग मी कुठलं कारण काढून येणार होते?"

आत कपबश्या जरा जास्तच वाजत होत्या. तो तिच्या जवळ सरकला, "मला तू आवडतेस. चिडलेली तर फारच."

"मग आयुष्यभर आवडेन," ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टावरची गवताची काडी काढता काढता तिने हात तिथेच राहू दिला.