आण्णांची शिदोरी

सकाळी सात वाजता आण्णांच्या, म्हणजे भालचंद्र हावळ यांच्या, कानामागचा बारीक हिरवा दिवा लागला आणि त्यांच्या मुलीने, वृंदाने, चहा टाकला. दिवा लागला की तीन मिनिटांत आण्णा डोळे उघडत. मग रडत. गेले सत्तावन्न दिवस इचलकरंजीतल्या त्या घरात हेच चाललं होतं.

आण्णांची स्वतःची स्मृती कधीच गेली होती. कानामागच्या यंत्रातला मुख्य प्रोग्रॅम रोज सकाळी ‘दिवस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम सुरू करायचा आणि निघताना त्याच्याबरोबर थोडी माहिती बांधून द्यायचा: साल कोणतं, घर कुठलं, माणसं कोण. कागदोपत्री तिला ‘परिसर-चलं’ म्हणत. यंत्र बसवणारे इंजिनिअर सरळ शिदोरी म्हणायचे. आण्णा झोपले की ‘दिवस’ संपे, आणि त्याला दिवसभरात जे कळलं त्यातलं काही मुख्य प्रोग्रॅमकडे परत जात नसे. त्यामुळे ‘पत्नी इंदुमती: निधन’ ही ओळ आण्णांना रोज नव्याने कळायची. दुःख जुनं व्हायचीही सोय नव्हती.

काल वृंदाचा धीर सुटला. ती स्वतः प्रोग्रॅमर, आणि शिदोरी बदलायची घरच्यांना मुभा होती. ‘दिवस’ सुरू करणाऱ्या आज्ञेत तिने नवी ओळ दिली: ‘पत्नी इंदुमती: माहेरी, रबकवीला.’ धडधडीत खोटं होतं. पण बापाने एक दिवस तरी सुखाने चहा प्यावा, एवढंच तिला हवं होतं.

आण्णांनी डोळे उघडले. रडले नाहीत. वृंदाला हायसं वाटलं.

“आण्णा, चहा.”

ते घाईने उठून बसले, शर्ट सारखा केला. “ठेवा की तितं. तुम्ही कोण म्हणायच्या? शेजारी नवीन आलाय काय?”

“मी वृंदा.”

“असं होय. बसा. आमची मंडळी न्हाईत वो घरात, न्हाईतर तुम्हाला कशाला तरास.”

वृंदाने लॅपटॉप उघडला. चूक लगेच दिसली. नवी शिदोरी हातात दिली की ती जुनीत मिसळत नाही. जुनी अख्खी मागे राहते. आधी जुनीची नक्कल घ्यायची आणि मग त्यात बदल करायचा, हे ती ऑफिसात नवशिक्यांना दटावून शिकवायची. आज आण्णांकडे ती एकच ओळ होती. साल नव्हतं, मुलगी नव्हती. चालू प्रोग्रॅमची शिदोरी बाहेरून बदलता येत नाही, म्हणजे उद्या सकाळपर्यंत इलाज नव्हता.

“कशाला गेल्यात माहेरी?” तिने उगाच विचारलं.

आण्णा चक्क लाजले. “बाळंतपणाला. पहिलंच हाय.”

हे तिने कुठेही लिहिलं नव्हतं. बायको माहेरी आहे, एवढ्यावरून त्यांच्या मनाने बाकीचं रचलं होतं.

“समदी म्हणत्यात, पोरगा होऊ दे. मला पोरगी पायजे. कुणाला सांगू नका हं.”

तिला भडभडून आलं. ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर दाबून रडली आणि मग बाहेर आली. आण्णा दिवसभर खुशीत होते. बाळंतविड्यात काय काय द्यायचं असतं, हे त्यांनी तिला दोनदा विचारलं. टोपरं, दुपटं, झबलं, तिने दोनदा सांगितलं.

संध्याकाळी तिने कोड पुन्हा उघडलं. जुनी शिदोरी दिली तर उद्या आण्णा तिला ओळखतील आणि रडतील. आजचीच ठेवली तर ते हसतील, आणि ती कुणीच नसेल. जुनीची नक्कल घेऊन एवढीच ओळ बदलावी, तर ‘वृंदा, आईला फोन लाव’ म्हणून ते दिवसभर मागे लागतील, आणि तिला त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलावं लागेल. तिन्ही आज्ञा लिहून झाल्या होत्या. एक निवडायची होती.

“एवढं करताय आमच्यासाठी,” आण्णा तिच्याकडे बघत म्हणाले. “तुमचं माहेर कुठलं वो? वडील हायत न्हवं?”