वळली होडी, हलेना सुई

"काका, होडी वळली, पर होकायंत्राची सुई तबकडीवर जागची हलली न्हाई," मैमुना म्हणाली.

मुळशीच्या तलावावर धुकं एवढं दाट होतं, की शिडाचं टोकही दिसत नव्हतं. पाण्यात बुडालेल्या आंब्याच्या वाळक्या शेंड्याला चुकवायला सबनीसकाकांनी होडी आत्ताच गर्रकन वळवली होती.

होडीत काठच्या वाडीतल्या नथूची आजी, गोजराबाई, आडवी पडली होती. पहाटे गवत कापताना तिला साप चावला होता. सापावरचं इंजेक्शन धरणावरच्या दवाखान्यात होतं. पायवाटेनं सहा तास, होडीनं एक. दिवाळीच्या सुट्टीत पुतणी वासंतीला घेऊन काका पुण्याहून होडीसकट आले होते, म्हणून बरं.

"मी होकायंत्र बघूनच पूर्वेला चाललोय," काका म्हणाले. "गप्प बसा."

थोड्या वेळानं धुक्यातून पुन्हा एक शेंडा वर आला.

"ह्यो मघाचाच," नथू हळूच म्हणाला. "आमी गोल फिरतुया."

मैमुना नथूच्या वर्गातली, सुट्टीत त्याच्याकडे राहायला आलेली. तिचे वडील बाबालाल पौडला रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्या टेबलावर सांडलेले स्क्रू रेडिओतल्या कर्ण्याच्या, म्हणजे स्पीकरच्या, पाठीला जाऊन चिकटायचे. आणि इथं होकायंत्राला खेटून काकांचा नवा ट्रान्झिस्टर बसवला होता! बातम्या आणि दिशा एकाच जागी, म्हणून काकांनी कालच तो पट्टी लावून स्क्रूनं आवळला होता.

"काका, कर्ण्यात लोहचुंबक असतंय. सुई उत्तरेला न्हाई, रेडिओला बघतीया."

"मी इंजिनियर आहे, मुली."

"मग काढून बघा की," नथू म्हणाला. "आजीचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय."

काका हलले नाहीत. वासंतीनं त्यांच्याकडे न बघता चाकूनं पट्टीचे स्क्रू काढले आणि रेडिओ होडीच्या नाकाशी नेला. सुई थरथरली, अर्ध्याला थोडा कमी फेरा फिरली आणि थांबली.

होडीचं तोंड नैर्ऋत्येला होतं. धरण पाठीमागे.

"पण आता तरी सुई खरं सांगतेय कशावरून?" काकांचा आवाज खाली आला होता.

मैमुनानं रेडिओ लावला. पुणे केंद्रावर भजन चालू होतं. घरी अम्मी गाणं नीट लागावं म्हणून रेडिओ फिरवायची, तसा तिनं तो सावकाश फिरवला. एका जागी भजन पार बुडालं.

"आवाज बुडतो तवा रेडिओचं एक टोक पुण्याकडं असतंय. बघा, रेडिओच्या लांबीची ही रेघ नि सुईची पूर्व एकच. पुणंबी तिकडं, धरणबी तिकडंच."

काकांनी सुकाणू फिरवलं. सगळ्यांची नजर सुईवर. या वेळी होडी वळली तशी तीही तबकडीवर सरकत गेली.

पाऊण तासानं धुक्यातून धरणाची भिंत पुढे आली.

"अजून तासभर उशीर झाला असता, तर मी काही करू शकलो नसतो," संध्याकाळी डॉक्टर म्हणाले. "होडी कुणी आणली?"

"या पोरांनी," काका म्हणाले. "मी नुसता सुकाणू धरून होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर मैमुनाच्या हातात दिला. "सांग बाई, रेडिओ कुठं बसवायचा?"

"तुमी सुई बघत बसा. मी रेडिओ घेऊन लांब लांब जाते. सुई हलायची थांबली की हाक मारा."

इंजिनियर सबनीस होकायंत्रासमोर मांडी घालून बसले.