सात्यावरची पिवळी धूळ

"चार पाहुणे दवाखान्यात गेले, अन् खापर माह्या सासूवर फुटलं," दिव्या मडावी उभ्याउभ्याच म्हणाली. "आज चार वाजता ग्रामसभा हाये. त्याच्याआधी काई तरी करा, ताई."

चंद्रपुरात खासगी गुप्तहेर म्हटलं की लोक आधी हसतात, मग हळूच आपली भानगड सांगतात. साधना निकुरेला दोन्हींची सवय होती. वनस्पतिशास्त्र शिकून तिने हा धंदा पत्करला होता आणि एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. दिव्याचं ऐकतानाही ती खोलीभर फेऱ्या घालत होती. तिचा ड्रायव्हर आणि मदतनीस लटारू मात्र निवांत तंबाखूला चुना लावत बसला होता.

हकिकत साधी होती. मोहर्लीजवळच्या रानगावातली दिव्याची सासू बुधरी चाळीस वर्षं सात्या, म्हणजे रानातली मशरूम, काढत आली. शनिवारी तिने एका लॉजवर पुडा पाठवला. दुपारी रस्सा झाला आणि संध्याकाळी पाहुण्यांना उलट्या सुरू झाल्या. पाहुणे बरे झाले, पण बुधरी खचली.

"वारुळावरच्या सोडून दुसऱ्या सात्याले ते हात लावत नाई," दिव्या म्हणाली. "कोण्या छत्रीवर पिवळी धूळ बसली असन तर म्हणते, राहू द्या, ते आधीच कोणाचं तरी जेवण हाये. आता म्हणते, माहे डोळेच गेले असन. टोपली खुंटीले टांगली. तीन दिवस झाले, रानात गेली नाई."

"पुडा कसा बांधतात?"

"पळसाच्या पानात. वरून माहुलवेलीच्या सालीची दोरी."

साधनाने गाडीची किल्ली लटारूच्या मांडीवर टाकली.

लॉजच्या फाटकाशीच निकेश भेटला. पुडा गावातून आणणारा जिप्सीवाला तोच. "मी उघडलाच नाई, मॅडम. बुधरीबाईची गाठ मले सुटत नाई. इंदिराबाईच्या हाती दिला अन् सफारीले गेलो."

मॅनेजर प्रफुल आधीच चिडलेला होता. "मी पहिलेपासून सांगत होतो, जंगलातलं काई नको, शहरातून डबाबंद मशरूम मागवू. कोणी ऐकलं?"

"म्हणजे तुमच्या मनासारखं झालं."

"चार लोकं मरता मरता वाचले, अन् माह्या मनासारखं?" प्रफुलचे कान लाल झाले. "उरलेला रस्सा डॉक्टरनं फेकायले लावला. त्या दिवशी मी सकाळपासून चंद्रपुरात होतो, पाहिजे तर पेट्रोल पंपावर विचारा."

स्वयंपाकघरात इंदिराबाई कांदे चिरत होती. इरई तलावाकाठच्या गावातली बाई, मासोळीच्या रश्श्यात तिचा हात कोणी धरत नसे.

"पुड्यातल्या सात्या धुतल्या अन् शिजवल्या. पानं, दोरी, सगळं चुलीत घातलं," ती मान वर न करता म्हणाली.

तेवढ्यात लटारूने चुन्याचा हात खिडकीतल्या फडक्याला पुसला. इंदिराबाई कडाडली. "ए भाऊ! रीत हाये का काई? आधीच हळदीनं नास झाला त्याचा!"

फडक्यावर पिवळे डाग होते, त्यावर चुन्याचा पांढरा पट्टा उमटला. लटारू ओशाळून बाहेर सटकला. साधना जरा वेळ त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिली आणि मग त्याच्यामागे गेली.

लॉजमागे निलगिरीची रांग होती. तिथे ओल्या पाचोळ्यात जाडजूड छत्र्या उगवल्या होत्या. काहींवर कापसासारखी पांढरी बुरशी, तर काही पार पिवळ्या.

"याच्यावर हळद कोणी टाकली?" लटारूने विचारलं.

साधनाने एक छत्री उलटी केली. खाली झालर नव्हती, स्पंजसारखी बारीक भोकं होती. चार छत्र्या तिथून आधीच कोणीतरी उपटलेल्या होत्या.

पलीकडच्या खोलीपुढे इंदिराबाईची मुलगी डिंपल बसली होती, आठवा महिना लागलेली. बाजूला बकरीचं पिल्लू सालीच्या दोरीने बांधलेलं.

"तब्येत कशी आहे?"

"आता बरी. आधी पोटात काई थांबत नव्हतं. शनिवारपासून तोंडाले चव आली."

साधनाने घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते. "लटारू, पळ! सगळ्यांना गाडीत घाल. ते फडकंही घे."

ग्रामसभा बुधरीच्याच अंगणात भरली होती. बुधरी भिंतीला टेकून बसली होती, डोक्याच्या वर खुंटीला रिकामी टोपली. सात्या विकणं बंद करायचा ठराव वाचायला कोणीतरी उठलंही होतं.

"थांबा," साधना म्हणाली. "आधी हे बघा." तिने फडकं पसरलं. "हळदीला चुना लागला की काय होतं?"

"लालभडक होते," पाचसहा बाया एकदम बोलल्या. "कुंकू तसंच तर करतात."

"या डागावर लटारूने चुना पुसला. अजून पिवळाच आहे. म्हणजे ही हळद नाही, बुरशीवर वाढणारी बुरशी आहे. आधी पांढरी असते, मग तिची पिवळी धूळ होते. ती धरते स्पंजाच्या पोटाच्या छत्र्यांना. वारुळावरच्या सात्यांना नाही. चांगल्या छत्रीलाही ती विषारी करते."

"म्हणजे रश्श्यात बुधरीबाईच्या सात्या नव्हत्याच?" प्रफुल पुटपुटला.

"नव्हत्या. पुडा बंद आला, तुम्ही चंद्रपुरात होता. निलगिरीखालच्या छत्र्या या फडक्यातून स्वयंपाकघरात गेल्या. मग पुडा कुठे गेला? इंदिराबाई, दोरी तुम्ही चुलीत घातली ना? मग तुमच्या दारातलं पिल्लू कशानं बांधलंय?"

इंदिराबाईने पदर तोंडात धरला. मग एकदम रडू फुटलं.

"डिंपलले सात्याचे डोहाळे लागले होते. आठ दिवस पोरीच्या पोटात अन्न नाई. पुडा पाहिला अन् राहवलं नाई, घरी नेला. मागच्या छत्र्याही सात्याच वाटल्या. पिवळं पराग समजून धुतलं. आम्ही तलावाकाठची माणसं, मासोळी ओळखतो, हे नाई. मग पाहुणे पडले अन् माही जीभच उचलली नाई."

प्रफुल काही बोलणार होता. बुधरीने हात वर केला, तसा तो गप्प झाला. ती उठली आणि इंदिराबाईसमोर येऊन बसली.

"तीन दिवस मी माह्याच डोळ्यांवर शक घेतला, बाई. रानात जायले भेव वाटे मले. ते तू आता कुठून भरून देशीन?"

तिने इंदिराबाईच्या तोंडातला पदर सोडवला.

"अन् पोटुशीच्या डोहाळ्याले मी नाई म्हटलं असतं का? एकदा मागून तर पाहायचं होतं."

ठरावाचा कागद वाचणाऱ्याने घडी करून खिशात घातला. बुधरी आभाळाकडे बघत होती. पाऊस नुकताच थांबला होता, उजेड अजून बराच होता.

"पोरीले पचल्या का?" तिने विचारलं.

"पचल्या," इंदिराबाई कशीबशी म्हणाली.

"दिव्या, टोपली काढ."