आंब्यावरचं बांडगूळ

फाटकाशेजारच्या आंब्याखाली अनंतरावांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'येथे गाडी लावू नये. झाड आजारी आहे, आपली गाडी नव्हे.' तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचं एरंडवण्यात कुणी ऐकत नाही. पाटीचं तरी ऐकतील, एवढीच आशा.

आंबा कुसुमताईंनी लावलेला. त्यावर बांडगूळ चढलं आणि अनंतरावांचं डोकं फिरलं. स्वतःची मुळं नाहीत, दुसऱ्याच्या फांदीत तोंड खुपसायचं आणि त्याचंच पाणी पिऊन माजायचं, असल्या आयतोबांचा त्यांना जन्मभर संताप होता. अर्ज करकरून मिळवलेली छाटणीची परवानगी खिशात घेऊन ते दर रविवारी सकाळी संपत माळ्याला वर चढवायचे आणि खालून दुर्बीण लावून ओरडायचे, "ते जाड, बोथट टोकाचं. काप!" ओळखलेली प्रत्येक खूण क्रमांक घालून वहीत उतरायची. ती त्यांची कॉलेजपासूनची सवय.

"अनंत, अरे पुरे आता," कुसुमताई गॅलरीतून म्हणायच्या. "बांडगुळाआधी झाडच मरेल, तुझ्या आवाजानं." दोघं एका वर्गात शिकलेली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं नवऱ्याला एकदाही अहो-जाहो केलं नव्हतं.

माघ संपता संपता बोथट पानं संपली. पुढच्या रविवारी उरलेल्या बांडगुळाला आंब्यासारखी निमुळती टोकं आली होती.

"सर, हे आंब्याचंच हाय की," संपत वरून म्हणाला.

"शिकवू नकोस. चुरगाळून वास घे."

कैरीचा वास नव्हता, म्हणून कापलं. त्यापुढच्या रविवारी वास होता, पण चीक नव्हता, म्हणून कापलं. त्याच्या पुढच्या रविवारी चीकही आला. संपतनं कोयता खाली टाकला आणि तो परत आलाच नाही.

यजमान झाडाच्या पानांची हुबेहूब नक्कल करणारी बांडगुळं जगात आहेत, हे अनंतरावांनीच कितीदा शिकवलं होतं. शत्रूला ओळखू येतं ते मरतं, येत नाही ते उरतं, आणि लाखो वर्षांनी नक्कल पुरी होते. इथला शत्रू कोण, हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी वही भिंतीवर फेकली. ओळखू येईल तेवढंच त्यांनी कापलं होतं. न ओळखू येणारं तेवढं राखलं होतं. गाढवसुद्धा अशी चूक करणार नाही, ती प्राध्यापकानं केली होती. पण लाखो वर्षांचं काम मोजक्या रविवारांत कसं झालं?

पाडव्याच्या तोरणासाठी पानं त्यांनीच काढली, एकेक हुंगून, पारखून. कुसुमताईंनी ती ओवून दारावर बांधली.

"बोटांना काय चिकटलंय रे हे? धुऊनही निघत नाही," त्या म्हणाल्या.

आठ दिवस झाले तरी तोरण सुकलं नाही. नवव्या दिवशी सकाळी चहा गोड लागला.

"कुसुम, आपल्या घरात चहात साखर कधीपासून?" अनंतराव खेकसले.

"चुकलंच हो माझं," त्या हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साखर नव्हती. पण कुसुमताई रोज सोडवायच्या ते पेपरातलं शब्दकोडं कोरं पडलं होतं. त्यावरून ते ओरडले. तिसऱ्या दिवशी ते सोडवलेलं होतं, कुसुमताईंच्याच अक्षरात. दुपारी ते सोसायटीच्या चेअरमनला शिव्या घालत बसले, तर त्या म्हणाल्या, "तुमचं अगदी बरोबर आहे."

"कुसुमनं जन्मात माझं काही बरोबर म्हटलेलं नाही!" ते किंचाळले.

संध्याकाळी कुसुमताईंनी त्यांना शब्दांनी असं फाडून खाल्लं, की क्षणभर त्यांचे डोळे भरून आले. आणि मग लक्षात आलं.

प्रत्येक वेळी त्यांनीच ओरडून दाखवलं होतं, काय ओळखू येतंय ते.

आता एकच खूण उरली होती.

रात्रीची भांडी आवरून ती त्यांच्यासमोर येऊन बसली. बोटांची टोकं ओलसर चमकत होती.

"अहो," तिनं प्रेमानं विचारलं, "अजून काही चुकतंय का माझं?"

सगळा संताप त्यांच्या घशाशी आला. माझी कुसुम कुठे आहे, असं ओरडावं, तिला दारातून बाहेर ओढावं, तोरण जाळावं. पण खरी कुसुम अजून वेगळी उरली असेल तर त्या एका 'अहो'च्या चुकीमुळेच. आयुष्यात पहिल्यांदा अनंतरावांनी जीभ आवरली.

"नाही. सगळं बरोबर आहे," ते म्हणाले.

झोपण्यापूर्वी त्यांनी वहीत तारीख घातली, पुढचा क्रमांक घातला आणि दोन शब्द लिहिले. सवयीनं.

सकाळी जाग आली तेव्हा स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता.

"अनंत, अरे ऊठ आता. चहा निवतोय."

तोच आवाज. तोच वैताग. एकेचाळीस वर्षांचा.

वही टेबलावर उघडी होती. त्या दोन शब्दांवर चिकट बोटाचा ठसा होता.

अनंतरावांनी वही मिटली. पुन्हा हाक आली.

"आलो गं," ते म्हणाले.