काय आणलंत?

हे खरं आहे. मी तिथे होते, आणि आता ते सांगायला एकटीच उरले आहे.

फेब्रुवारी १९८८. चंडीगढ, सेक्टर २२. शुक्रवारची संध्याकाळ.

पंजाबात तेव्हा रोज माणसं मरत होती. अंधार पडला की ओळखीच्या आवाजालाही कुणी दार उघडत नसे. त्या आवाजामागे बंदूक नसेल कशावरून?

आईने घरापुरती एक खूण ठरवली होती. बाबा सेक्टर ३०च्या प्रयोगशाळेतून आले, दार वाजलं, की ती आतून विचारायची, "काय आणलंत?"

उत्तर एकच. "पडवळ."

सातारा सोडल्यापासून आम्ही पडवळ पाहिलंही नव्हतं.

त्या दिवशी बाबा म्हणाले, "दुधी."

"मग झोपा त्याच्यासोबत बाहेरच."

"अगं शालिनी, गारठलो!"

"बाबा, बोल दो ना यार," मी हसत म्हटलं.

"बापाला यार म्हणतेस? बरं बाई... पडवळ!"

दुसऱ्या दिवशी आम्ही हिमाचलात नारकंड्याला गेलो, तिथल्या एका बंगल्यात उतरलो. शनिवार-रविवार बर्फ बघायला.

रविवारी सकाळी तिघं डोंगर चढू लागलो. आईचे बूट भिजले, म्हणून आम्ही दोघी अर्ध्यातून मागे फिरलो. बाबा काठी टेकत वर गेले.

दुपारी बर्फ सुरू झाला.

बाबा परतले नाहीत, तेव्हा बंगल्याचा चौकीदार दोन माणसं घेऊन त्यांना शोधायला गेला. बंगल्यात आम्ही दोघीच.

दिवस मावळला...

आणि दार वाजलं.

आई धावली. कडीला हात लावला. मग थांबली.

"काय आणलंत?"

उत्तर नाही.

फक्त वारा.

"अहो... काय आणलंत?"

पुन्हा दार वाजलं. हळू. हात सुन्न झाल्यासारखं.

आईचा हात कडीवरच होता.

मग दारावरून काहीतरी घासत खाली गेलं...

आणि सगळं शांत.

सकाळी चौकीदाराच्या हाकेने दार उघडलं. उंबऱ्यापाशी बाबांची काठी होती. पावलं नव्हती. पण रात्रभर बर्फ पडत होता. असती तरी बुजली असती.

बाबा वर, खूप लांब सापडले. डॉक्टर म्हणाले, "कल दोपहर को ही गुज़र गए थे."

आईने ते वाक्य जन्मभर धरून ठेवलं. "ते नव्हतेच, सुमेधा. दुसरंच काहीतरी होतं." काठी ते सकाळी विसरून गेले होते, असंही ती सांगायची. मी कधी वाद घातला नाही. दारात भूत होतं, म्हणूनच ती जगू शकली.

मलाही ते दुसरंच काहीतरी असतं तर बरं वाटलं असतं. पण तीच काठी टेकत बाबा वर जाताना मी पाहिले होते.

या जानेवारीत आई गेली. मी अजून सेक्टर २२च्या त्याच घरात राहते.

काल संध्याकाळी दार वाजलं. हळू. हात सुन्न झाल्यासारखं.

मी कडीला हात लावला. घशात तोच प्रश्न आला होता.

मी तो विचारला नाही.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "काही आणलं नसलं तरी चालेल. आत या."