हिरव्या फाट्यातला श्वास

हिरव्या फाट्यातलं पाणी किती मासे पोसेल, एवढंच शोधायला आम्ही निघालो होतो. धरणाचं पाणी वरच्या अंगाला दोन डोंगरांमध्ये घुसतं, त्या चिंचोळ्या भागाला सगळे हिरवा फाटा म्हणतात. तिथे अख्खं जंगल बुडालेलं आहे. खोडात अडकलेलं जाळं परत मिळत नाही, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. पण आता खालच्या मोठ्या पाण्यातले मासे संपत आले होते. मामाच्या वस्तीतली निम्मी घरं कुलपं लावून कारखान्यांकडे गेली होती आणि त्याचा मुलगाही त्याला शहरात न्यायला टपला होता. या खेपेला बोटुकली जगली नाहीत तर जाळी कायमची गुंडाळीन, असं मामाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मामा बोलतो ते करतो, हीच तर भीती होती.

बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. मामाने ती घरामागच्या टाक्यांत अंड्यांपासून वाढवली होती. आधी पाणी तपासू, मग पिल्लं नेऊ, असं मी परोपरीने सांगून पाहिलं. पण फाट्याच्या तोंडाशी जलपर्णी दाटत चालली होती, दुसरी खेप होणं अवघड होतं. शेवटी माझी पाणी तपासायची पेटी आणि पिल्लांची पिंपं एकाच होडीत चढली. मामा पिंपांजवळ बसला आणि पाण्यावर तळव्याने थापा मारू लागला. त्यामुळे पाण्यात हवा मिसळते आणि पिल्लं गुदमरत नाहीत. जन्मभर हेच केल्यामुळे गप्पा मारतानाही त्याचा हात मांडीवर थापटत असतो.

आईमागे मला मामानेच वाढवलं. पाणी तपासायचं शिक्षणही त्याच्याच हट्टाने झालं. त्यालाच 'नाही' म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून मी वाटभर मनातल्या मनात हात जोडत होते.

होडी चालवायला रेडिओ होता. या गड्याचं तोंड कधी बंद होत नाही, म्हणून हे नाव. जलपर्णीत इंजिनाचा पंखा गुरफटला तेव्हाही तो पाण्यात उतरून, पाती सोडवता सोडवता मेव्हण्याच्या लग्नातली भांडणं सांगत होता. त्यापुढे मात्र वाट खरोखर बिकट झाली. काळी, बोडकी खोडं पाण्यातून वर आलेली. जी दिसत होती त्यांची धास्ती नव्हती. पृष्ठभागाखाली लपलेल्या एका बुंध्याने तळाला असा धक्का दिला की एक पिंप आडवं होता होता वाचलं!

आणि मग फाटा उघडला. वाऱ्याचा मागमूस नाही, आणि रंग घोटून ओतावा तसं हिरवंगार पाणी. तो रंग सूक्ष्म वनस्पतींचा, नुसत्या डोळ्यांना एकेक न दिसणाऱ्या प्लवकांचा. उन्हावर त्या अन्न तयार करतात, पाण्यात प्राणवायू सोडतात, आणि अखेर त्यांच्यावरच सगळे मासे पोसले जातात. मामा ओंजळ भरून पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली. हातभर गेली आणि दिसेनाशी झाली. म्हणजे ऊनही तिथवरच. मला चुटपुट लागली. खोडावर आदळू नये म्हणून मी पुढच्या टोकाला बांबू रोवून होडी धरली आणि बाटल्या भरायचं काम मामाकडे दिलं. वेगवेगळ्या खोलीचं पाणी नळीने वर काढायचं, प्रत्येक खोलीची एक पारदर्शक आणि एक काळी बाटली भरायची आणि पुन्हा त्याच खोलीवर टांगायची. पहिलीत ऊन पोचतं, काळीत नाही. दोन्हींतल्या प्राणवायूच्या फरकावरून पाण्यात किती अन्न पिकतं ते कळतं.

दुपारपर्यंत आम्ही उन्हात भाजत बसलो. मग बाटल्या काढून मी त्यांत औषधं सोडली. प्राणवायू असेल तर पाणी तपकिरी होतं, नसेल तर पांढरं. वरच्या बाटल्या तपकिरी. मधल्या तपकिरी. तळाजवळच्याही तपकिरी! रेडिओने शीळ घातली. मी अजून बाटल्या निरखत होते, तेवढ्यात मामाने एक पिंप कलंडवलंसुद्धा. चांदीचा झोत हिरव्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

माझ्या हातात तळाजवळची काळी बाटली होती. अंधारातलं पाणी, अंधारीच बाटली, तरी वरच्याइतकीच तपकिरी. बुचाखाली एक बुडबुडा चिकटला होता. मी मामाला विचारलं, बाटल्या भरल्या कशा?

"पिंप भरतो तशाच. उंचावरून धार धरली, चांगल्या खळखळून घेतल्या. पाण्याला श्वास नको का?"

 पिल्लांसाठी जे करायचं तेच त्याने बाटल्यांना केलं होतं. आम्ही फाट्याचं पाणी मोजलंच नव्हतं, मामाच्या हातची हवा मोजली होती.

मी तडक नळी पुन्हा तळाकडे सोडली. तेवढ्यात डोंगरावरून वारा उतरला. आधी झुळूक, मग धक्के! होडी गरकन फिरली. नळीची दोरी खाली कुठल्याशा फांदीत अडकली. मी ओढली. सुटेना! होडी कलली, पिंपं सरकली, रेडिओ त्यांवर आडवा पडला. मामाने मागून माझी कंबर धरली. दोघांनी जोर लावला. कडकन काहीतरी मोडलं आणि नळी वर आली. या वेळी मी स्वतः, नळीचं तोंड बाटलीच्या तळाला टेकवून, एकही बुडबुडा न येऊ देता बाटली भरली. कुजक्या अंड्यांचा वास आला. मी औषध सोडलं.

पांढरं. खडूच्या पाण्यासारखं पांढरं.

"मामा, जीव फक्त वरच्या हातभर पाण्यात आहे. खाली श्वासच नाही. आणि हा वारा तळ ढवळतोय."

"वरच राहतील की पोरं," मामा म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

उत्तर फाट्यानेच दिलं. हिरव्यात तपकिरी पट्टे उठू लागले, वास सोसवेना. खोडांमध्ये मोठे जुने मासे तोंड वर काढून आ वासू लागले आणि एकेक करून पोट वर करून तरंगले. त्यांच्यामध्ये चांदीचे बारीक ठिपकेही होते. मामाने ते पाहिले. मला रडू फुटलं, तो मात्र दुसऱ्या पिंपाचं झाकण घट्ट लावत होता.

"चल," तो म्हणाला.

पंखा एका ओंडक्यावर आदळून मोडला. आता वल्ही! रेडिओ पहिल्यांदाच गप्प होता, आणि त्या शांततेनेच मला सगळ्यात जास्त धडकी भरली. तो वल्हवत होता, मामा बांबूने खोडं लोटत होता. मग पिंपांचं काय? मी झाकणं काढली आणि थापा मारू लागले. एका पिंपावर, मग दुसऱ्यावर. लाटा आत येत होत्या, खांदे भरून आले, तळवे सोलवटले. "चपटा हात नको, खोलगट कर," एवढंच मामा मधूनमधून सांगायचा. जलपर्णी आम्ही हातांनी फाडली. मोठ्या पाण्यात शिरलो तेव्हा ऊन कललं होतं आणि कोणाच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं.

मामाने पिंपांत वाकून पाहिलं. बरीच पिल्लं तळाशी निजली होती. बाकीची हलत होती.

त्याने होडीखालच्या पाण्याकडे बोट दाखवलं, आपलं जुनं, नेहमीचं, फिकट पाणी. मी बाटली भरली, सावकाश, बुडबुड्याविना. फिकी का होईना, तपकिरी झाली.

"हे किती पोसेल?" मामाने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. "थोडेच, मामा. वस्तीला पुरणार नाहीत."

 मग त्याने एकेक पिंप अलगद कलंडवलं आणि पिल्लं निघून जाईपर्यंत बघत राहिला. त्याचा हात रिकाम्या पिंपावर थापटत होता. मी तो धरला, तेव्हा कुठे थांबला.

"मुलाला कळव," मामा म्हणाला, "हे थोडे मासे वाढेपर्यंत मी येत नाही म्हणावं."